गुंता सोडवताना

‘गुंता’ हा शब्द आपण आता बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. वारसाहक्काचा गुंता, हद्दीचा गुंता, हिशेबाचा गुंता. सरकारी नोकरीत ज्याची वीस वर्षे गेली, त्याला या जातीच्या गुंत्यांची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु हा शब्द मूळचा सुताचा आणि केसांचा. आज मी त्याच्या या मूळ घरी जाणार आहे. विषय अगदी साधा आहे. ज्यांचे केस कुरळे, दाट आणि पिळाचे आहेत, त्यांनी डोक्यावरून न्हाण्याच्या दिवशी केसांतील गुंता केव्हा सोडवावा आणि कसा सोडवावा, एवढाच.

एका मध्यमवयीन पुरुषाने हा विषय बोलावयास घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. माझ्या धाकट्या मुलीचे केस तिच्या आजीच्या वळणावर गेलेले, म्हणजे दाट कुरळे आहेत. आणि घरच्या कामांच्या वाटणीत रविवारची ती कामगिरी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. परंतु एवढ्याने हा विषय सार्वजनिक होत नाही. तो सार्वजनिक होतो तो दुसऱ्याच कारणाने. न्हाण्याच्या वारी घरोघर मुली रडतात, आया वैतागतात, आणि हळूहळू दोघींचीही अशी समजूत होऊन बसते की, दोष केसांचाच आहे. ‘काय हे सुंभ’, ‘कुणाच्या वळणावर गेली कोण जाणे’, असे उद्गार त्या मुलीच्या कानांवर पडत राहतात. आठ-दहा वर्षांची होईपर्यंत ती आपल्या डोक्याला एक व्यंग समजू लागते. ही समजूत निराधार आहे, आणि फणी हातात धरण्याची रीत थोडीशी बदलली तर ती उत्पन्नच होणार नाही, असे मला वाटते.

वास्तविक आपल्या परंपरेला कुरळ्या केसांचे वावडे नव्हते. ‘कुटिल’ हा शब्द माणसाच्या स्वभावाला लावला तर शिवी होते. पण संस्कृत कवींनी तोच शब्द केसांना लावला तेव्हा ती स्तुती होती. ‘अलक’ म्हणजे कपाळावर रुळणारी कुरळी बट. बुद्धाच्या मूर्ती आठवून पाहा. मस्तकावर शंखासारखी उजवीकडे वळलेली लहान लहान वेटोळी असतात, आणि ती महापुरुषाची खूण म्हणूनच शिल्पकाराने कोरलेली असतात. सरळ, चकचकीत, कमरेपर्यंत रुळणारे केस हेच तेवढे सौंदर्य, हा दंडक पुष्कळसा अलीकडचा, जाहिरातींच्या काळातील आहे.

आता केसाकडेच वळू. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू होय. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याचा छेद बहुधा गोल दिसतो. कुरळ्या केसाचा छेद लंबगोल, काहीसा चपटा असतो. ज्या मुळातून तो उगवतो ते मूळही त्वचेखाली वाकलेले असते, म्हणून केस बाहेर पडतो तोच वळण घेऊन. या तंतूच्या बाहेरून कौलारू घराच्या छपरासारखे अतिसूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. कौले जशी वरून खाली एकावर एक बसवतात, तसेच हे खवले मुळाकडून टोकाकडे बसलेले असतात. ते मिटून बसले म्हणजे केस केसावरून निसटतो. ते उचलले गेले किंवा झडले म्हणजे केस केसात अडकतो.

डोक्याच्या त्वचेतून एक नैसर्गिक तेल सतत पाझरत असते. सरळ केसावरून ते उताराने टोकापर्यंत जाते. पिळाच्या केसाला मात्र घाटातील रस्त्यासारखी वळणे असतात, आणि ते तेल वाटेतच राहते. त्यामुळे कुरळ्या केसांची मुळे तेलकट आणि टोके कोरडी, असा प्रकार नेहमी आढळतो. शिवाय केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे फूटभर लांब केसाचे टोक दोन ते अडीच वर्षांचे जुने असते. तेवढे दिवस त्याने ऊन, धूळ, साबण आणि उशीचे घर्षण सोसलेले असते. गुंता टोकाकडे अधिक का होतो, याचे उत्तर यात आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मनुष्याच्या डोक्यावर ढोबळ मानाने एक लाख केस असतात, आणि त्यांपैकी रोज पन्नास ते शंभर आपले आयुष्य संपवून गळतात. हे गळणे निसर्गक्रमाचेच आहे. सरळ केस असलेल्या बाईचे गळलेले केस रोज जमिनीवर, कपड्यांवर, फणीत जाऊन पडतात. कुरळे केस मात्र गळले तरी खाली पडत नाहीत. शेजारच्या वेटोळ्यांत अडकून राहतात. आठवड्याने डोके धुवावयास बसावे, तर साडेतीनशे ते सातशे गळालेले केस जिवंत केसांत गुरफटून बसलेले असतात. गुंता म्हणतात तो बव्हंशी हाच. तेव्हा न्हाण्याच्या दिवशी हातात केसांचा पुंजका आला म्हणून घाबरून जाऊ नये. तो एका दिवसाचा नसून आठवड्याचा हिशेब असतो. मात्र तो पुंजका जरा उजेडात धरून पाहावा. आपोआप गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढुरका, बारीक गाठीसारखा मूळभाग दिसतो. ज्या तुकड्याला असा मूळभाग नाही आणि जो आखूड आहे, तो गळलेला नसून तुटलेला आहे. पहिला प्रकार चिंतेचा नाही. दुसरा आपल्या हाताचा दोष दाखवतो.

आता मुख्य प्रश्न: गुंता केव्हा सोडवावा? कोरड्या केसांचा, की ओल्या?

या प्रश्नाला सरसकट एकच उत्तर नाही, आणि येथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. पाणी लागले की केस फुगतो. त्याची जाडी सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र फारशी वाढत नाही. केसाच्या आत प्रथिनांना धरून ठेवणारे जे अनेक बंध असतात, त्यांपैकी एक जातीचे बंध पाण्याने तात्पुरते सुटतात आणि केस वाळला की पुन्हा जुळतात. म्हणून ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो, पण तो दुबळाही झालेला असतो. यावरून ‘ओले केस विंचरू नयेत’ असा नियम आपल्या घरांतून रूढ झाला. सरळ केसांच्या बाबतीत तो रास्त आहे. सरळ केस ओले झाले की एकमेकांना चिकटतात आणि फणीला कोरडेपणापेक्षा अधिक अडवतात.

घट्ट पिळाच्या केसांचा न्याय नेमका उलटा आहे. कोरडेपणी त्यांचे वेटोळे ताठ असते, एक वेटोळे दुसऱ्यात अडकते, आणि फणी पुढे सरकत नाही. पाण्याने तेच वेटोळे सैल पडते, लांबते, शेजारच्या केसाला समांतर होऊ लागते. प्रयोगशाळेत फणीला लागणारा जोर मोजून पाहिला असता, घट्ट कुरळे केस कोरडे असताना विंचरण्यास अधिक जोर लागतो आणि ओले असताना कमी, असे आढळून आले आहे. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एकीचे केस सरळ आणि दुसरीचे कुरळे असले, तर आईचा एकच नियम दोघींना लागू पडणार नाही. कायद्यापुढे सर्व समान असतात, फणीपुढे नसतात.

परंतु नुसते पाणी पुरेसे नाही. ओला केस दुबळा असतो, हे आपण पाहिलेच. म्हणून पाण्याच्या जोडीला निसरडेपणा हवा. मग तो तेलाचा असो, कोरफडीच्या गराचा असो की कंडिशनरचा असो. कंडिशनरचे कार्य समजण्यासारखे आहे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य द्रव्यावर धन. त्यामुळे ते द्रव्य जेथे झीज अधिक तेथे अधिक चिकटते आणि घर्षण कमी करते. तेलाविषयी सांगावयाचे तर आपल्या आज्यांची न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याची रीत आधुनिक परीक्षेत उत्तीर्ण झाली आहे. मुंबईच्या आरती रेळे व आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्यामुळे केसांतून होणारा प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलाने कमी झाला. इतर दोन तेलांनी तो झाला नाही. खोबरेलातील मुख्य स्निग्धाम्लाचे रेणू आकाराने लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतात, असे त्याचे कारण सांगितले जाते.

तेव्हा कालक्रम असा ठेवावा. आदल्या रात्री किंवा न्हाण्यापूर्वी तासभर केसांना, विशेषतः टोकांना, तेल लावावे. मग हात किंचित ओले करून, फणी न लावता, नुसत्या बोटांनी मोठमोठे गुंते सैल करावेत. ही पहिली फेरी. ती चुकवून जो थेट डोक्यावर पाणी ओततो आणि केस डोक्यावर गोळा करून खसखसून चोळतो, तो सैल गुंत्याची गाठ करतो. त्यानंतर डोके धुवावे, कंडिशनर लावावे, आणि ते केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने दुसरी फेरी करावी. त्यानंतर पुढच्या न्हाण्यापर्यंत कोरड्या केसांत कंगवा घालू नये. ज्यांचे केस नुसते लहरी आहेत, त्यांनी पहिली फेरी कोरड्या, तेल लावलेल्या केसांवर कंगव्याने केली तरी चालेल.

आता कसा सोडवावा, ते सांगतो. पहिले तत्त्व विभागणीचे. संपूर्ण डोके एकदम हाती घेऊ नये. मधोमध भांग पाडून पुढे दोन, मागे दोन असे चार भाग करावेत. केस फार दाट असतील तर आठ. जो भाग हाती घेतला नाही तो सैल पीळ देऊन किंवा चाप लावून बाजूला ठेवावा. मोठी फाइल निकालात काढावयाची तर तिची प्रकरणे पाडावी लागतात, तसेच हे आहे.

दुसरे तत्त्व दिशेचे. आरंभ टोकाकडून करावा. टोकाची दोन बोटे लांबी मोकळी झाली की दोन बोटे वर सरकावे, आणि असे करत करत मुळापर्यंत यावे. मुळापासून कंगवा घालून खाली ओढला तर वाटेतील सर्व गुंते एकत्र ढकलले जाऊन खाली त्यांची एक घट्ट गाठ बनते. पूर्वीच्या घरांत हीच चूक शिस्त म्हणून चालत असे.

तिसरे तत्त्व धरण्याचे. एका हाताने गुंत्याच्या वर, म्हणजे डोक्याच्या बाजूला, केस मुठीत घट्ट धरावेत आणि दुसऱ्या हाताने त्याखाली काम करावे. मग जो ताण पडतो तो मुठीवर पडतो, त्वचेवर पडत नाही. मूल रडत नाही. एवढी एक गोष्ट जरी कोणी ध्यानात ठेवली, तरी माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

चौथे तत्त्व गाठीचे. गाठ लागली की ती खाली ओढू नये; तिला आडवी फाकवावी. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बाहेरच्या बाजूने एकेक केस मोकळा करावा. अडलेच तर विणकामाची सुई किंवा शेपटीच्या कंगव्याचे टोक गाठीच्या मध्यात घालून ती सैल करावी. पुन्हा थोडे तेल, पुन्हा थोडे पाणी. घट्ट पिळाच्या केसांत कधी कधी एकच केस स्वतःभोवती फिरून मोहरीएवढी गाठ मारून बसतो. ती सोडवण्याच्या नादी न लागता लहान, धारदार कात्रीने तेवढीच कापून टाकावी. जो भाग मोकळा झाला त्याला लगेच दोन पेडांचा सैल पीळ द्यावा, नाही तर तो शेजाऱ्याशी पुन्हा संगनमत करतो.

साधनांविषयी थोडेसे. आपली दोन बाजूंची, बारीक दातांची फणी ही उवा-लिखांसाठी योजलेली वस्तू आहे. कुरळ्या केसांचा गुंता सोडवणे हे तिचे काम नव्हे. कंगव्याचे दात रुंद, लांब आणि टोकाला बोथट असावेत. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्याला दातांच्या बाजूने एक धारदार शीर राहते. ती बोटाने चाचपून पाहावी, कारण ती केसावरील खवले खरवडते. लांब दातांचा कंगवा ही आफ्रिकेची फार जुनी देणगी आहे. २०१३ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने या कंगव्याच्या सहा हजार वर्षांच्या इतिहासाचे प्रदर्शन भरवले होते. नाईलच्या खोऱ्यातील थडग्यांत असे कंगवे सापडले आहेत. मनुष्याबरोबर त्याचा कंगवा पुरावा, इतके त्याचे मोल तेथील लोकांना वाटत होते.

धुण्याची रीतही गुंत्याशी निगडित आहे. साबण किंवा शाम्पू त्वचेसाठी आहे. बोटांच्या अग्रांनी तो फक्त मुळांशी चोळावा. ओघळणाऱ्या फेसाने उरलेले केस पुरेसे स्वच्छ होतात. शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. परंतु त्यांची भुकटी वस्त्रगाळ नसेल तर तिचे कण कुरळ्या केसांत अडकून नवा गुंता करतात, म्हणून त्या उकळून, गाळून वापराव्यात. जेथे पाणी कठीण आहे, म्हणजे कूपनलिकेचे किंवा क्षारयुक्त आहे, तेथे अंगाचा साबण केसांना मुळीच लावू नये. त्या पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो केसांवर बसतो. महाराष्ट्राबाहेर बदली होऊन गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ‘येथे आल्यापासून केस बिघडले’ असे वाटते. त्याचे एक कारण हवेत नसून नळात असते. शेवटी, पंचाने केस चोळू नयेत. मऊ, जुन्या सुती कापडात दाबून पाणी टिपावे. रात्री निजताना सैल वेणी घालावी आणि उशीवर रेशमी किंवा साटिनचे कापड असावे. घट्ट वेणी हा गुंत्यावरचा उपाय नव्हे. वर्षानुवर्षे ओढून बांधलेल्या केसांची मुळे कपाळाच्या कडेने कायमची दुबळी होतात.

या सर्वाला वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. आरंभी पाऊण तास लागेल. सवय झाल्यावर अर्ध्या तासात भागते. पण हे काम आठवड्यातून एकदाच करावयाचे आहे, रोज नव्हे. आणि हे न केल्यास काय होते, याकडे आता वळावयास हवे. कारण गुंता तसाच राहिला की त्याची जट होते, आणि जट झाली की प्रश्न केवळ केसांचा राहत नाही.

महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आणि उत्तर कर्नाटकात, बायकांच्या डोक्यात जट दिसली की ते यल्लम्मा देवीचे बोलावणे मानण्याची रूढी चालत आली. जट विंचरावयाची नाही, कापावयाची नाही; कापली तर घरावर संकट येईल, अशी धास्ती. कित्येक मुली याच कारणाने देवीला वाहिल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि कर्नाटकात १९८२ साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले. कायदा देवदासीप्रथा बंद करू शकतो. डोक्यातली जट सोडवावयास मात्र माणूसच जावे लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घेतले. घरी जाऊन बसायचे, बाईची भीती ऐकून घ्यायची, तिची संमती मिळवायची, आणि मग कात्री काढायची. वर्षानुवर्षे मानेवर वागवलेला तो भार उतरल्यावर पुढे काहीही अशुभ घडत नाही, हे शेजारणी पाहतात, आणि जो परिणाम शंभर व्याख्यानांनी होत नाही तो तेथे होतो.

हा भ्रम केवळ आपल्याच देशात होता असे मानून खजील होण्याचे कारण नाही. पोलंडमध्ये कित्येक शतके जटेविषयी अगदी अशीच समजूत होती. शरीरातील रोग केसांच्या वाटे बाहेर पडतो, त्याची जट बनते, ती कापली तर मनुष्य आंधळा होईल किंवा मरेल, असे लोक मानीत, वैद्यही मानीत. वैद्यकात या जटेला त्या देशावरून नाव पडले. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन यानेही अशी एक जट वाढवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकोवचे वैद्यकाचे प्राध्यापक योझेफ डिट्ल यांनी, हा रोग नसून निव्वळ हेळसांड आहे, असे निक्षून सांगितले व या समजुतीविरुद्ध मोहीम उघडली. हेच डिट्ल पुढे १८६६ मध्ये त्या नगराचे महापौर झाले. दोन दूरच्या देशांतील दोन गावांनी एकमेकांचे नावही न ऐकता एकच भीती बाळगावी, यावरून एवढेच दिसते की, भीती देवीची नसते. ती न सुटलेल्या गुंत्याची असते. कोणी साधू किंवा जमैकातील रास्ताफारी पंथाचा अनुयायी आपखुशीने जटा राखतो, त्याची गोष्ट वेगळी. तेथे निवड आहे. जेथे निवड नाही, तेथे फणी हवी.

केसांच्या पिळावरून माणसाचे भवितव्य ठरवण्याचे दुसरे उदाहरण माझ्यासारख्या सरकारी नोकराला अधिक अस्वस्थ करणारे आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५० साली लोकसंख्या नोंदणीचा कायदा झाला. प्रत्येक नागरिकाचा वंश सरकारदरबारी नोंदवावयाचा होता. ज्यांच्याविषयी संशय असेल, त्यांच्यासाठी अधिकाऱ्यांनी एक रीत काढली. ती कायद्यात लिहिलेली नव्हती, पण चालत असे. केसांत एक पेन्सिल खोचायची. ती निसटून पडली तर मनुष्य गोरा. अडकून राहिली तर नव्हे. एका पेन्सिलीवर शाळा, वस्ती, नोकरी आणि विवाह ठरत. एकाच आईच्या दोन मुलांची पेन्सिल निरनिराळी वागू शकते, हे अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीय नागरिकांना त्यांच्या केसांच्या पिळावरून किंवा वेण्यांवरून शाळेत वा नोकरीत अपात्र ठरवता येऊ नये, असा कायदा पहिल्यांदा कॅलिफोर्निया राज्याने केला, तो २०१९ मध्ये.

त्या लोकांचा आणि आपला संबंध दूरचा नाही. मलिक अंबर आफ्रिकेतून आला आणि दख्खनच्या राजकारणाचा आधारस्तंभ झाला. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासात आहेत; आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील तसेच गुजरातमधील सिद्दी बांधव आजही आपले सहनागरिक आहेत. घट्ट पिळाचा केस हा या देशातलाच केस आहे. तो कोकणात आहे, गोव्यात आहे, देशावर आहे, आणि कदाचित आपल्याच घरात आहे.

मराठीत म्हण आहे की, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हणकर्त्याने ती हेकटपणाची निंदा म्हणून रचली असली, तरी केसांच्या बाबतीत ते एक शास्त्रीय सत्य आहे. तापलेल्या यंत्राने केस सरळ केले, तरी पाण्याचा थेंब लागताच पीळ परत येतो, कारण सुटलेले बंध पुन्हा आपल्या जागी जुळतात. रसायनांनी केलेला सरळपणा टिकतो खरा. परंतु मुळातून येणारा नवा केस कुरळाच येतो, आणि म्हणून ते रसायन पुन्हा पुन्हा लावावे लागते. अशी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळल्याचे अमेरिकेतील तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीतून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही. पण सावधगिरीला एवढे कारण पुरे आहे.

तेव्हा पीळ घालवण्याचा खटाटोप सोडावा आणि गुंता तेवढा सोडवावा. पीळ हा केसाचा स्वभाव आहे; गुंता ही त्याची केवळ तात्पुरती अवस्था आहे. या दोहोंतील फरक ज्या आईला किंवा बापाला उमगला, त्याच्या हातून मूल रडणार नाही. पुढच्या वेळी मुलीचे डोके धुवावयास बसाल तेव्हा आधी तेल, मग बोटे, मग पाणी आणि शेवटी रुंद कंगवा, हा क्रम ठेवा. टोकाकडून आरंभ करा आणि वरचे केस मुठीत घट्ट धरून ठेवा. आणि काम चालू असताना तिच्या केसांविषयी एखादा चांगला शब्दही बोला. कारण तो अर्धा तास ती आपल्या पुढ्यात पाठमोरी बसलेली असते. आपला चेहरा तिला दिसत नाही. आपला हात तिला जाणवतो आणि आपले बोलणे तिला ऐकू येते.